पंधराव्या वर्षी ‘संपलेले’ छप्पर: मध्य न्यू जर्सीतील एका घराचे प्रकरण

मध्य न्यू जर्सीत, एडिसनच्या परिसरातल्या एका वसाहतीत 2003 साली बांधलेल्या दुमजली घराच्या छपरावर पहिल्या दिवसापासून तीन-पाळी डांबरी शिंगल्स, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक ओळींनी बसवलेल्या आणि खालच्या कडेला खाचांनी तीन पाळ्या पाडलेल्या पट्ट्या, होते. त्यांच्या वेष्टनावर 25 वर्षांची हमी छापलेली होती. जानेवारी 2018मध्ये, छपराला पंधरावे वर्ष सुरू असताना, वरच्या मजल्यावरच्या शयनगृहाच्या छतावर तपकिरी डाग उमटला, आणि आठवड्याभराने शेजारच्या कपाटाच्या खोलीत दुसरा. घरमालक जोडपे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी छप्पर बसवणाऱ्या दोन कंत्राटदारांना बोलावले. पहिल्याने अंगणात उभे राहून उत्तरेकडच्या पाख्यावरचे काळे पट्टे दाखवले, छप्पर कुजले असल्याचे सांगितले आणि सगळे उतरवून नवे बसवण्याचा अंदाज दिला. दुसऱ्याने जुन्या शिंगल्सवरच नव्यांचा थर चढवण्याचा, बराच स्वस्त पर्याय सुचवला. निर्णय घेण्याआधी कोणीतरी तटस्थपणे पाहावे म्हणून प्रकरण माझ्याकडे तपासणीसाठी आले. कुटुंबाच्या संमतीने, त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून ते इथे मांडत आहे.

शिंगल म्हणजे काय आणि तो कशाने म्हातारा होतो, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण दोन्ही कंत्राटदारांच्या निदानातली चूक तिथूनच सुरू होते. आजच्या शिंगलच्या गाभ्यात काचतंतूंची चटई असते. तिला चुनखडीची भुकटी मिसळलेल्या डांबराने लेपलेले असते आणि वरच्या अंगाला दगडाचे रंगवलेले बारीक कण दाबून बसवलेले असतात. पाणी अडवण्याचे काम डांबर करते आणि डांबराला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवण्याचे काम कण करतात. कण गळाले की उघडे पडलेले डांबर कडक होते, आक्रसते आणि तडकते. प्रत्येक शिंगलवर चिकट डांबराची एक पट्टी असते. उन्हाने ती मऊ होऊन वरच्या ओळीतल्या पाळ्यांना खालच्या ओळीशी चिकटवून टाकते, आणि वाऱ्यात छप्पर टिकते ते मुख्यतः या चिकटण्यामुळे. पूर्वी चटई कागदी लगद्याची असे. ती ओल शोषून कडांनी वळत असे, आणि ‘कडा वळल्या की छप्पर संपले’ हा ठोकताळा त्या काळातला आहे. काचतंतूंच्या शिंगल्सना तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. त्यांत कण किती गेले, चटईला तडे आहेत का आणि चिकटपट्टी सुटली आहे का, हेच पाहावे लागते.

उत्तर पाख्यावरचे काळे पट्टे कुजण्याचे नव्हते. ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा एक नीलहरित सूक्ष्मजीव दमट हवेत छपरांवर वाढतो, चुनखडीच्या भुकटीवर पोसतो आणि उन्हापासून बचावासाठी स्वतःभोवती गडद आवरण तयार करतो. काळे दिसते ते हे आवरण. त्याने घराची शोभा जाते आणि छप्पर थोडे अधिक तापते, परंतु त्यामुळे पाणी गळत नाही. धुराड्याच्या किंवा नळीच्या जस्ती पत्र्याखाली मात्र शिंगल्सचा एक उभा पट्टा स्वच्छ राहिलेला दिसतो, कारण पावसाबरोबर उतरणारे जस्ताचे अंश या जीवाला मानवत नाहीत. या घरावरही असे स्वच्छ पट्टे होते, आणि डाग वरवरचे असल्याचा पुरावा म्हणून तेवढे पुरेसे होते.

मग डाग कशाचे? डागांची जागा आणि त्यांची वेळ यांत प्रकरणाची किल्ली होती. डिसेंबर 2017च्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ईशान्य अमेरिकेत थंडीची दीर्घ लाट होती. पहिला डाग त्या लाटेत आला नाही. ती ओसरून हवा उबदार झाल्यावर, पाऊस नसताना आला, आणि तो बाहेरच्या भिंतीपासून दूर, घराच्या मध्यभागी, न्हाणीघराच्या लगत होता. वळचणीला बर्फाचा बांध साचून त्यामागचे पाणी शिंगल्सखाली शिरते तेव्हा डाग बाहेरच्या भिंतीलगत उमटतो. इथे तसे नव्हते. दुसरा डाग वारा आणि पाऊस एकत्र आले तेव्हाच ओला होई. एकाच आठवड्यात दिसलेले दोन डाग एकाच रोगाचे असतील असे समजणे स्वाभाविक होते, पण त्यांची कारणे सर्वस्वी वेगळी निघाली.

माळ्यावर चढताच पहिल्या डागाचे कारण दिसले. छपराखालच्या लाकडी तक्त्यांतून खाली उतरलेल्या खिळ्यांची टोके गंजलेली होती, उत्तरेकडचे तक्ते बुरशीने काळसर झाले होते, आणि न्हाणीघराच्या पंख्याची लवचिक नळी घराबाहेर न काढता माळ्यावरच, इन्शुलेशनच्या (उष्णतारोधक भरावाच्या) ढिगात तोंड खुपसून सोडलेली होती. पंधरा वर्षे रोजच्या आंघोळींची वाफ माळ्यात जात होती. कडाक्याच्या थंडीत ती तक्त्यांच्या थंडगार पाठीवर दवासारखी बसे, तिथेच गोठून दहिवर होई, आणि थंडी उतरली की एकदम वितळून खाली ठिबके. म्हणजे गळणारे पाणी आकाशातून आलेले नव्हते, ते घराचेच होते.

त्यात भर म्हणजे माळ्याची हवा खेळती नव्हती. आढ्यावर लांबलचक रिज व्हेंट, म्हणजे हवा बाहेर सोडणारी फट, होता आणि वळचणीखाली हवा आत येण्यासाठी जाळीदार व्हिनाइलच्या सॉफिट-पट्ट्याही होत्या, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला सारे यथास्थित वाटे. प्रत्यक्षात एक पट्टी काढून पाहिली तर तिच्यामागच्या प्लायवुडला भोकच पाडलेले नव्हते; जिथे पाडले होते, तिथे फुंकून भरलेले इन्शुलेशन येऊन बसले होते. अमेरिकेत बहुतेक राज्ये वापरतात त्या निवासी बांधकाम-संहितेचा हिशेब असा आहे की हवेच्या मार्गाचे निव्वळ क्षेत्रफळ माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/150 असावे, आणि वर व खाली योग्य विभागणी यांसारख्या अटी पाळल्यास 1/300 चालते. या माळ्याचे क्षेत्रफळ सुमारे 1200 चौरस फूट, म्हणजे किमान 4 चौरस फूट, अर्थात 576 चौरस इंच मार्ग हवा, आणि त्यातला साधारण निम्मा वळचणीत. आढ्यावरच्या 30 फूट व्हेंटमधून, फुटाला 18 चौरस इंच धरले तर 540 चौरस इंच मार्ग मिळत होता. वळचणीतून जवळजवळ शून्य. अशा वेळी आढ्याचा व्हेंट बाहेरची कोरडी हवा ओढू शकत नाही, तो छतातल्या दिव्यांच्या आणि तारांच्या फटींतून घरातलीच उबदार, दमट हवा वर ओढतो. वरचा मार्ग वाढवून खालचा बंद ठेवणे हे म्हणूनच नुसते निरुपयोगी नाही, ते घातक आहे.

इथे एक प्रचलित समजही तपासला पाहिजे. माळ्यात हवा खेळती ठेवली की शिंगल्स थंड राहतात आणि दुप्पट टिकतात, असे विक्रेते सांगतात. शिंगलच्या तापमानावर त्याचा रंग, उताराची दिशा आणि गावाचे हवामान यांचा प्रभाव हवेच्या मार्गापेक्षा कितीतरी मोठा असतो. खेळत्या हवेची खरी किंमत लाकडाच्या आरोग्यात आहे: तक्ते कोरडे राहिले तरच खिळ्यांची पकड टिकते. शिवाय अनेक उत्पादकांच्या हमीत पुरेशी हवा ही अट असते. आणि हवा खेळती ठेवण्याच्याही आधी घरातली दमट हवा माळ्यात जाऊच नये म्हणून छतातल्या फटी बुजवणे, हा माझ्या मते सर्वांत फलदायी आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

दुसऱ्या डागाचे मूळ छपरावर होते, पण शिंगलमध्ये नव्हते. न्हाणीघरांच्या नळ्या छपरातून जिथे बाहेर येतात तिथे पत्र्याच्या तळावर रबरी गळपट्टी असते. ऊन खाऊन हे रबर शिंगलच्या कितीतरी आधी तडकते. दहा वर्षांच्या आसपास ते तपासायलाच हवे. या घरावरच्या तीन नळ्यांपैकी दक्षिण पाख्यावरच्या दोन्हींची रबरे नळीभोवती फाटली होती, आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस नळीच्या अंगाने थेट खाली उतरत होता. जवळच, 29 ऑक्टोबर 2012च्या सँडी वादळात उडालेल्या काही पाळ्या कोणीतरी घाईने बदललेल्या होत्या. नवे शिंगल्स वरच्या ओळीखाली नीट न सरकवता वरूनच खिळे ठोकले होते आणि खिळ्यांच्या डोक्यांवर सीलंटचे ठिपके दिले होते. सीलंट केव्हाच सुकून उचकटले होते. गॅरेजचे खालचे छप्पर जिथे घराच्या भिंतीला टेकून संपते, तिथे पाणी भिंतीपासून दूर पन्हळीत ढकलणारा वळवलेला पत्रा, म्हणजे किकआउट फ्लॅशिंग, बसवलेलाच नव्हता. त्यामुळे पाणी व्हिनाइलच्या आवरणामागे जात होते. घरात त्याचा अजून मागमूस नव्हता, परंतु तिन्ही दोषांत मला याची काळजी सर्वाधिक वाटली, कारण भिंतीतले लाकूड कुजून दर्शनी लक्षण दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

शिंगल्सची स्वतःची प्रकृती कशी होती? उत्तर पाख्यावर, डाग सोडले तर, कण शाबूत होते. दक्षिण पाख्यावर पाळ्यांच्या खालच्या कडांचे कण विरळ झाले होते, पन्हळीत कणांचा थर साचला होता, पण उघडे डांबर किंवा आरपार तडे नव्हते. नव्या छपराचे सुटे कण पहिल्या पावसांत पन्हळीत येतात, ते चिंतेचे कारण नाही. पंधराव्या वर्षी येणारे कण मात्र झीज दाखवतात. हाताने हलकेच उचलून पाहिले तर काही ओळींत चिकटपट्टी सुटलेली आढळली. जुन्या छपरांवर असे अंशतः सुटलेले शिंगल्स ठरावीक नक्षीत सापडतात, हे फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभियंत्यांनी दाखवून दिले आहे. त्या ओळी प्रत्येक पाळीखाली डांबरी सिमेंटचे लहान ठिपके देऊन पुन्हा चिकटवता येण्याजोग्या होत्या. या पट्ट्यातल्या हवामानात तीन-पाळी शिंगल्स साधारण 15 ते 20 वर्षे आणि जाड, दुपदरी शिंगल्स 20 ते 30 वर्षे टिकतात, असा माझा अनुभव आहे. वेष्टनावरच्या 25 वर्षांना आयुष्याचे भाकीत मानू नये: ती हमी उत्पादनातल्या दोषापुरती असते, सुरुवातीच्या वर्षांनंतर तिची किंमत दरवर्षी घटत जाते, आणि चुकीच्या बसवणुकीला किंवा अडलेल्या हवेला ती लागू होत नाही.

माझा निष्कर्ष असा होता की छपराची तीन-चार वर्षे नक्की शिल्लक आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या हिवाळ्यात नवे छप्पर घातले असते तर पुढच्या हिवाळ्यात ते खालून तितकेच ओले झाले असते. वर दुसरा थर चढवण्याच्या पर्यायाला मी ठाम विरोध केला. दोन थरांपर्यंत संहितेची परवानगी मिळू शकते, हे खरे. परंतु तसे केल्याने काळवंडलेले तक्ते उघडून पाहता येत नाहीत, वळचणीला चिकट बर्फरोधक पडदा घालता येत नाही, सांध्यांवरचे जुने पत्रे, म्हणजे फ्लॅशिंग्ज, गाडले जातात आणि चौकटीवर दर शंभर चौरस फुटांमागे सुमारे 100 किलो बोजा वाढतो. पुढच्या खेपेला दोन्ही थर उतरवण्याचा खर्चही मालकालाच करावा लागतो, म्हणजे स्वस्ताई केवळ पुढे ढकललेली महागाई ठरते.

एप्रिल आणि मे 2018मध्ये दुरुस्ती झाली. पंख्याची नळी इन्शुलेशन गुंडाळून छपरावरच्या टोपीतून बाहेर काढली. माळ्याच्या जमिनीतल्या फटी फोमने बुजवल्या, सॉफिटमागचे प्लायवुड कापले आणि इन्शुलेशन पुन्हा पुढे सरकू नये म्हणून वाशांच्या मधोमध वायुनलिकांसारखे पन्हाळी पत्रे ठोकले. तिन्ही नळ्यांचे तळ बदलले, वादळानंतरची डागडुजी काढून शिंगल्स रीतसर बसवले, किकआउट लावला. भिंतीचे आवरण उघडल्यावर आतला तक्ता कोपऱ्यात दोन फुटांपर्यंत भुसभुशीत झालेला सापडला. तेवढा कापून बदलला. सगळा खर्च नव्या छपराच्या अंदाजाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास होता. काळे पट्टे क्लोरीन ब्लीच आणि पाणी सम प्रमाणात मिसळून, पंधरा-वीस मिनिटे ठेवून, बागेच्या नळीच्या मंद धारेने धुतले. खालची झाडे आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवली. उच्च दाबाच्या यंत्राने धुण्याची एका सेवेची जाहिरात घरमालकांच्या हाती होती. त्या यंत्राने डागांबरोबर कणही जातात आणि एका सकाळीत छपराची काही वर्षे कमी होतात, म्हणून ते टाळले.

त्याच उन्हाळ्यात घरमालकांचे वडील भारतातून आले होते. कौलारू घर दर वैशाखात शाकारण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. फुटकी कौले बदलायची, सरकलेली सारखी करायची, वळचण झाडायची, मगच पावसाला सामोरे जायचे. मुलाला त्यांनी विचारले, “अरे, पंधरा वर्षांत वर कोणी चढलंच नाही?” हा प्रश्न मला सर्व अहवालांपेक्षा नेमका वाटतो. डांबरी छपराला शाकारणी लागत नाही या समजुतीने त्याची वार्षिक पाहणीही सुटते, आणि अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक घरांत हीच परिस्थिती आहे.

पाहणी म्हणजे दरवेळी वर चढणे नव्हे. उलट, कडक उन्हात मऊ झालेल्या किंवा थंडीत ठिसूळ झालेल्या शिंगल्सवर विनाकारण चालू नये. या कुटुंबाने ठरवून घेतलेली रीत अशी: पानगळ संपल्यावर आणि वसंतात पन्हळी साफ करायच्या, अंगणातून दुर्बिणीने नळ्यांचे तळ, आढे आणि दोन पाखे मिळतात त्या कोनातल्या पन्हाळी पाहायच्या, ओकच्या फांद्या छपराला घासणार नाहीत इतक्या मागे छाटायच्या, आणि वर्षातल्या सर्वांत थंड आठवड्यात टॉर्च घेऊन माळ्यावर जाऊन खिळ्यांची टोके बघायची. शेवटचे काम बहुतेकांना सुचत नाही, पण माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे आहे. जानेवारी 2019च्या अखेरीस ध्रुवीय थंडी उतरली तेव्हा आम्ही हेच पाहिले. खिळे कोरडे होते, तक्त्यांवर दहिवर नव्हते. निदानाची खात्री खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाली.

2022च्या वसंतात दक्षिण पाख्यावर काही ठिकाणी काळे डांबर दिसू लागले. आता मुदत भरली होती, आणि घाई नसल्यामुळे कुटुंबाला निवांतपणे अंदाज मागवता आले. काम सप्टेंबरअखेरीस ठेवले, म्हणजे चिकटपट्ट्या मऊ होऊन बसण्याइतके ऊन मिळावे. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी असावी लागते, 500 डॉलरवरच्या कामाचा करार लेखी असावा लागतो आणि तो तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. मात्र मार्च 2018पासून एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घराचे छप्पर-आच्छादन बदलणे सामान्य देखभालीत धरले जाते. त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागत नाही, आणि म्हणून कोणी निरीक्षकही बघायला येत नाही. पूर्वी निरीक्षकाने पाहिले असते ते आता करारातच लिहून घ्यावे लागते. आम्ही लिहून घेतले ते असे: सर्व जुना थर उतरवणे, कुजका तक्ता निघाल्यास त्याचा दर आधीच ठरवणे, वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान 24 इंचांपर्यंत आणि कोनांत बर्फरोधक पडदा, कडांना पाणी बाहेर टपकवणारी पत्र्याची पट्टी (ड्रिप एज), भिंतीलगतचे पायरी-फ्लॅशिंग जुने न ठेवता नवे, आणि प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे, उत्पादकाने आखलेल्या रेषेवरच. खिळ्यांच्या रेषेचा आग्रह उगाच नव्हता. जुने शिंगल्स उतरवताना दिसले की अनेक खिळे रेषेच्या वर आणि हवेच्या बंदुकीच्या जादा दाबाने चटई फाडून आत गेलेले होते. सँडीत नेमक्या त्याच ओळी उडाल्या होत्या.

वीस स्क्वेअरच्या, म्हणजे 2000 चौरस फुटांच्या त्या छपरातले दोनच तक्ते बदलावे लागले. 2018मध्ये काळवंडलेले दिसलेले बाकीचे तक्ते चार हिवाळे कोरडे राहिल्याने टणक होते. नवे शिंगल्स दुपदरी, काळे डाग रोखण्यासाठी तांबेयुक्त कण मिसळलेले आणि वाऱ्यासाठीच्या एएसटीएम डी 7158 या मानकाच्या एच, म्हणजे सर्वांत वरच्या, वर्गाचे निवडले. गारांच्या माऱ्याला टिकणाऱ्या चौथ्या वर्गाच्या शिंगल्सचा अंदाजही होता, पण इथे गारांचा धोका टेक्सासइतका नाही, म्हणून तो पैसा फ्लॅशिंग आणि पडद्यांवर खर्च केला. डॅलसकडच्या वाचकाने हाच निर्णय उलटा घेतला तर मी त्याला दुजोराच देईन. तिथे विम्याच्या पॉलिसीत छपराची भरपाई पूर्ण किमतीने मिळते की झीज वजा करून, हे शिंगलच्या रंगाआधी वाचावे लागते.

हे घर ज्या वसाहतीत आहे, तिथली सर्व घरे एकाच विकासकाने त्याच सुमारास बांधलेली आहेत. शेजारच्या काही कुटुंबांनी या प्रकरणानंतर आपापल्या वळचणीची एक-एक पट्टी काढून पाहिली, तेव्हा तिच्यामागे तसेच न कापलेले प्लायवुड निघाले. त्यांपैकी दोन घरांवर आधीच नवे छप्पर चढलेले होते. तिथे आता शिंगल्सना हात न लावता वळचणी खालून उघडण्याचे आणि पंख्यांच्या नळ्या बाहेर काढण्याचे काम सुरू आहे.